गोधड्यांच्या ऑनलाइन विक्रीवर वसतिगृह चालवता येईल का?

बालाघाटकर

नमस्कार. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात आम्ही काही जण गेली सात वर्षे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवत आहोत. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो आणि मुलेही बरोबर गेली, तर त्यांची शाळा जी सुटते ती पुष्कळदा कायमचीच. या मुलांना गावातच राहता यावे म्हणून बेचाळीस मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय आम्ही करतो. एका मुलामागे जेवणखाण्याला रोज सत्तर रुपये आणि हंगामाचे दीडशे दिवस धरले, तर केवळ शिध्याचाच खर्च ४ लाख ४१ हजार रुपये होतो. आमचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असून प्राप्तिकराच्या १२एबी (न्यासाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) या दोन्ही नोंदण्या आहेत. परदेशी निधी घेण्याची नोंदणी मात्र नाही.

देणग्या येतात त्या पुण्या-मुंबईतील ओळखीच्या मंडळींकडून. दरवर्षी तीच वही काढून त्याच माणसांना फोन करताना आता संकोच वाटू लागला आहे. गेल्या वर्षी एका कार्यकर्त्याच्या भाच्याने संस्थेची वेबसाइट करून दिली. तिच्यावर मुलांची छायाचित्रे आणि खाली पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड आहे. वर्षभरात त्या मार्गाने जी रक्कम आली, ती एका महिन्याच्या किराण्यालाही पुरली नसती.

हंगामात गावात मागे राहतात त्या म्हाताऱ्या बायका. त्यांच्यापैकी वीस जणी उत्तम गोधडी शिवतात. जुन्या सुती लुगड्यांचे थर लावून, धावदोऱ्याने कडेकडून मध्यापर्यंत शिवत जाणारी ही गोधडी पुरी व्हायला घरकाम सांभाळून बारा ते पंधरा दिवस लागतात. वेबसाइटवरच एक दुकान उघडून या गोधड्या प्रत्येकी १,८०० रुपयांना विकाव्यात आणि उरणाऱ्या पैशातून वसतिगृह चालवावे, असे विश्वस्तांच्या मनात आहे. ‘आमची एक गोधडी घ्या, एका मुलाची शाळा वाचवा’ हे वाक्य मुखपृष्ठासाठी लिहूनही झाले आहे. हे व्यवहारात जमेल का, कायद्याने चालेल का आणि खरेदीदाराला ८०जी ची पावती देता येईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सुईदोरा

आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे, त्यामुळे स्पष्ट लिहिले तर राग मानू नये. आमच्या महिला मंडळाने नाशिक परिसरातून पाच वर्षे गोधड्या, दुपटी आणि कापडी पिशव्या वेबसाइटवरून विकल्या. त्यातला बराचसा काळ तोटा कशात होतो आहे हे शोधण्यात गेला.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडते. एका गोधडीला चौदा दिवस आणि रोज साडेतीन-चार तास धरले, तरी सुमारे पन्नास तासांचे काम होते. शिवणारीला ९०० रुपये दिले, तर तासाला अठरा रुपये पडतात आणि ही मजुरी भूषणावह म्हणता येणार नाही. दोरा, अस्तर आणि वरचे नवे कापड मिळून २५० रुपये, धुणे आणि बांधणी ८० रुपये. गोधडी दोन-अडीच किलोची असल्यामुळे कुरिअरला २२० रुपये सहज लागतात. ग्राहकाने कार्डावरून पैसे भरले आणि पेमेंट गेटवेने दोन टक्के व त्यावरचा जीएसटी कापला, तर आणखी ४२ रुपये जातात. उरतात ३०८ रुपये. तुमचा शिधा भागवायला यातून १,४३० हून अधिक गोधड्या विकाव्या लागतील. वीस जणींनी महिन्याला प्रत्येकी दोन, अशा बारमाही शिवल्या तरी वर्षाला ४८० होतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या खपल्या तरी दीड लाखाच्या आतच रक्कम हाती येते. शिवाय परत आलेल्या एका पार्सलमागे जाण्या-येण्याचे भाडे आपल्या अंगावर पडते, म्हणजे दीड गोधडीची शिल्लक त्यात जाते.

पार्सल परत का येते, याचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. पहिल्याच वर्षी ठाण्याच्या एका ग्राहक बाईंनी गोधडी परत पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘जळका वास येतो’ असे लिहिले. आम्ही सगळ्याजणींनी ती हुंगून पाहिली, पण आम्हांला कोणालाच वास येईना. शेवटी शहरातून आलेल्या एका मुलीने सांगितले, की हा चुलीच्या धुराचा वास आहे. शिवणारीचे घर एकखणी होते आणि पंधरा दिवस गोधडी चुलीपासून चार हातांवर पसरलेली असायची. तेव्हापासून शिवून झालेली प्रत्येक गोधडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन दोन उन्हे दाखवल्याशिवाय आम्ही बांधत नाही. पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर वेबसाइटवरची गोधडीविक्रीच बंद ठेवतो.

दुसरी अडचण छायाचित्रांची. कारखान्यातून आलेल्या चादरी एकसारख्या असतात, त्यामुळे एका छायाचित्रावर हजार चादरी विकता येतात. गोधडी मात्र प्रत्येक वेगळी, म्हणून तिचे छायाचित्र, माप, वजन आणि नोंद प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. ती प्रदर्शनात विकली गेली, तर त्याच संध्याकाळी वेबसाइटवरून काढावी लागते. हे काम रोज करणारे एक माणूस नसेल, तर एकच गोधडी दोघांना विकली जाते. आमच्याकडे तसे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा क्षमेचे पत्र मलाच लिहावे लागले.

दुकान उघडले म्हणून गिऱ्हाईक येत नाही, कारण वेबसाइटसमोरून जाणारा रस्ता नसतो. आमचे बहुतेक ग्राहक आधी आम्हांला प्रत्यक्ष भेटलेले होते. पुण्यात पितृपक्षात भरणारे ‘देणे समाजाचे’, मुंबईतले ‘महालक्ष्मी सरस’ किंवा एखाद्या गृहसंकुलातले दिवाळीचे प्रदर्शन, अशा ठिकाणी त्यांनी माल हातात घेऊन पाहिला, आमचे कार्ड नेले आणि पुढच्या खेपेला वेबसाइटवरून मागवले. म्हणून आधी माणसे जोडावीत आणि दुसऱ्या खरेदीची सोय म्हणून वेबसाइट वापरावी, असे मी सुचवेन. सुरुवात बाळाच्या दुपट्यांपासून करावी. ती पाच-सहा दिवसांत होतात, वजनाला हलकी असतात आणि बारशाला द्यायला लोक ती हौसेने घेतात.

खतावणी

मी सनदी लेखापाल असून लहान न्यासांचे लेखापरीक्षण करतो. सुईदोराताईंनी व्यवहाराची बाजू मांडलीच आहे, त्यामुळे मी कायद्यापुरते लिहितो. पुढील कलमे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा असल्यामुळे क्रमांक बदलतात, तेव्हा आपल्या सल्लागाराशी बोलताना आशय धरून बोलावे.

खरेदीदाराला ८०जी ची पावती देता येणार नाही. देणगी म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम, आणि येथे १,८०० रुपयांच्या मोबदल्यात गोधडी मिळते. एखाद्या ग्राहकाला गोधडीखेरीज आणखी ५०० रुपये द्यायचे असतील, तर त्याने ते स्वतंत्रपणे द्यावेत, त्याची स्वतंत्र पावती फाडावी आणि वेबसाइटवरही दोन्हींसाठी दोन वेगळी पाने असावीत. ‘किमतीत देणगी समाविष्ट’ असा शब्दप्रयोग कृपया कोठेही करू नये.

न्यासाने व्यवसाय करूच नये असे कायदा म्हणत नाही. कलम ११(४ए) प्रमाणे तो व्यवसाय संस्थेच्या उद्देशांना आनुषंगिक असला पाहिजे आणि त्याची हिशेबपुस्तके वेगळी ठेवली पाहिजेत. तुमच्या न्यासपत्रात केवळ ‘शिक्षण’ हा उद्देश असेल, तर गोधडीविक्री त्याला आनुषंगिक कशी, हा प्रश्न कर निर्धारण अधिकारी विचारू शकतो. नफा शेवटी मुलांवरच खर्च होतो, हे उत्तर पूर्वी बऱ्याच अंशी चालून जात असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांच्या एका प्रकरणात, संस्थेचा आनुषंगिक व्यवसायही शिक्षणाशीच निगडित असला पाहिजे, अशी कडक भूमिका घेतली. तो निकाल वेगळ्या कलमाखालचा होता हे खरे, तरी त्याचा रोख पाहून सावध राहणे बरे. न्यासपत्रात गरीब स्त्रियांना रोजगार देण्याचा उद्देश असेल, तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या सदरात मोडणाऱ्या संस्थांना तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवावी लागते.

याहून महत्त्वाची आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी अट ८०जी च्याच कलमात आहे. व्यवसाय करणाऱ्या संस्थेला मिळालेल्या देणग्या त्या व्यवसायासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वापरता येत नाहीत आणि तसे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. याचा सरळ अर्थ असा, की देणगीखात्यातून दोरा आणि अस्तर आणायचे, गोधड्या विकल्या गेल्या की ते पैसे परत भरायचे, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत येथे बाधक ठरते. भांडवल कोठून आणणार, हे पहिले पार्सल निघण्याआधी ठरले पाहिजे.

जीएसटीचे थोडक्यात सांगतो. राज्यांतर्गत मालविक्रीला महाराष्ट्रात चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. स्वतःच्या वेबसाइटवरून परराज्यात करपात्र माल पाठवला, तर मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना त्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. तुमची गोधडी त्या यादीत बसते का, हे तपासून घ्या आणि तोवर वेबसाइटवर केवळ महाराष्ट्रातील पत्ते स्वीकारा.

आता तुमच्या क्यूआर कोडविषयी. त्यावरून आलेल्या रकमेबरोबर देणगीदाराचे नाव आणि पत्ता नोंदला जात नसेल, तर ती निनावी देणगी ठरते. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापुढे गेल्या, की त्या वाढीव भागावर तीस टक्के कर लागतो. शिवाय देणगीदाराला वजावट मिळायची असेल, तर त्याच्या पॅनसह १०बीडी हे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरून १०बीई प्रमाणपत्र त्याला द्यावे लागते. विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क पडते. तेव्हा क्यूआर कोडच्या आधी नाव, पत्ता आणि पॅन विचारणारे एक लहानसे पान ठेवा. नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ८०जी ची वजावट मिळतच नाही. करसवलतीचे आमिष मोठ्या अक्षरांत छापण्यात त्यामुळे पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही.

कायद्याबाहेरचा एक प्रश्न विचारतो. गोधडी विकून आलेले पैसे नेमके कोणाचे? तुमच्या मुखपृष्ठावरच्या वाक्यात मुलगा आहे, शाळा आहे, ग्राहकाचे औदार्य आहे, पण पन्नास तास सुई चालवणारी बाई कोठेच नाही. तिची मजुरी जितकी कमी, तितके वसतिगृहाला अधिक, अशीच ही रचना आहे. तिच्याकडून तिला न विचारता देणगी घेतल्यासारखे हे मला वाटते. विक्री बचत गटाच्या नावाने, गटाच्या खात्यात आणि गटाच्या हिशेबात करावी. ‘उमेद’शी, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी, जोडलेला गट गावात असेल, तर फारच उत्तम. म्हणजे वर सांगितलेल्या न्यासाच्या बहुतेक अडचणीही आपोआप टळतील. गटाला न्यासाने वेबसाइटवर जागा द्यावी आणि तेवढ्यावर थांबावे.

एडिसनकर

मी वीस वर्षे न्यू जर्सीत राहतो. वर कोणी सुचवलेले नाही, तरी पुढेमागे कोणी तरी सुचवीलच म्हणून लिहितो. मोठ्या विक्री-संकेतस्थळांच्या खरेदीतला काही हिस्सा संस्थेला मिळण्याच्या योजनांवर फार भिस्त ठेवू नये. ॲमेझॉनने २०१३ मध्ये ‘ॲमेझॉनस्माइल’ सुरू केले, तेव्हा आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी मोठ्या उत्साहाने आपापल्या संस्था त्यात निवडल्या. पात्र खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम संस्थेला जात असे, म्हणजे शंभर डॉलरांच्या खरेदीमागे पन्नास सेंट. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती योजना बंद झाली. दहा लाखांहून अधिक संस्थांमध्ये रक्कम विभागली जाऊन एका संस्थेच्या वाट्याला सरासरी २३० डॉलरांहूनही कमी येत होते, असे कारण कंपनीनेच तेव्हा दिले. जाहिरातींवर चालणाऱ्या संकेतस्थळांचेही असेच असते. शब्दांचे अर्थ ओळखा आणि तांदळाचे दाणे दान करा, असे ‘फ्रीराइस’ २००७ मध्ये निघाले आणि पुढे ते जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेले. ते चालले, कारण जगभरची माणसे तेथे येत होती. बेचाळीस मुलांच्या वसतिगृहाच्या वेबसाइटवर दिवसाला चाळीस माणसे आली, तर जाहिरातीतून चहाचेही पैसे सुटायचे नाहीत.

परदेशस्थ मराठी माणसांकडून पैसे घेण्याबाबत अधिक सावध राहावे. माझ्यासारखा अजून भारतीय पारपत्र बाळगणारा माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परकीय निधी समजली जात नाही. माझा भाऊ मात्र अमेरिकेचा नागरिक झाला आहे आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) आहे. त्याने पुण्याच्या खात्यातून रुपयांत पाठवलेले पाचशेसुद्धा परकीय निधीच ठरतात आणि एफसीआरए (परकीय निधी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या तुमच्या न्यासाला ते घेता येत नाहीत. आडनाव एक, पत्ता एक, आणि वेबसाइटला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून देणगीच्या पानावर ‘मी भारतीय नागरिक आहे’ अशी खूण करून घ्यावी, पारपत्राची प्रत मागवण्याची सोय ठेवावी आणि परदेशी कार्डे गेटवेकडूनच बंद करून घ्यावीत.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. ती मिळाली तरी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. उलट मालाची रीतसर किंमत म्हणून व्यवसायाच्या ओघात आलेली रक्कम या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. माझा भाऊ बचत गटाकडून गोधडी विकत घेऊ शकतो, मात्र ती गोधडीच्याच किमतीला. अठराशेच्या गोधडीचे कोणी कौतुकाने अठरा हजार पाठवले, तर परत करावेत.

पाटीपेन्सिल

एकच सूचना. वेबसाइटवरची मुलांची चेहरे दिसणारी छायाचित्रे काढावीत. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा दहा वर्षांनी कोठे नोकरी मागायला जाईल, तेव्हा ‘यांना जेवण मिळावे म्हणून मदत करा’ या ओळीखालचा त्याचा चेहरा शोधणाऱ्याला सापडता कामा नये. पालकांच्या संमतीपत्रावर अंगठा आहे, हे उत्तर मी शिक्षिका म्हणून पुष्कळदा ऐकले आहे.

बालाघाटकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री विश्वस्तांच्या बैठकीत या सगळ्या प्रतिसादांचे वाचन केले. ३०८ रुपयांच्या हिशेबाशी थोडा वाद झाला. आमच्या एका विश्वस्तांच्या मते कुरिअरऐवजी एसटीने पार्सल पाठवले, तर शंभर रुपये वाचतील. पण त्यांच्या हिशेबाने धरले, तरी ४८० गोधड्यांतून शिधा निघत नाही, हे त्यांनीही मान्य केले.

बैठकीला शिवणाऱ्यांपैकी तिघी आल्या होत्या. खतावणी सरांचा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. त्यातल्या सर्वांत वयस्क आजी म्हणाल्या, “पोरांला आमी देतोच की. पर आमचं आमाला द्या, मंग आमी देऊ.” त्यानंतर त्या विषयावर फारशी चर्चा उरली नाही. गावात दोन बचत गट आहेत, त्यांपैकी एकाच्या खात्यातून दुपट्यांची विक्री सुरू करायची, पहिले भांडवल गटाने आपल्या अंतर्गत कर्जातून उभे करायचे आणि न्यासाने छायाचित्रे व वेबसाइटवरचे एक पान यापलीकडे काही करायचे नाही, असे ठरले आहे. मुखपृष्ठावरचे ते वाक्य आजच काढले. मुलांची छायाचित्रेही उतरवली आहेत. त्या जागी सध्या स्वयंपाकघरातल्या फळ्याचे छायाचित्र आहे. त्यावर त्या दिवसाची हजेरी आणि लागलेला तांदूळ, डाळ, तेल रोज खडूने लिहिलेले असते.

वसतिगृहाच्या खर्चासाठी महिन्याला ठरावीक रक्कम देणाऱ्यांची यादी नव्याने करणार आहोत आणि त्या फळ्याचे रोजचे छायाचित्र त्यांना पाठवावे, असा विचार आहे. सुईदोराताई, एक विचारायचे राहिले. आमच्याकडचे पाणी जड आहे आणि रिठ्याने धुतल्यावर लुगड्यांवर पांढुरके डाग राहतात. तुम्ही पावसाचे पाणी साठवून वापरता, की आणखी काही करता?

सुईदोरा

शेवटच्या पाण्यात लिंबू पिळावे. दहा लिटरला दोन लिंबे पुरतात. पण लाल आणि जांभळ्या कापडाचा कोपरा आधी भिजवून पाहावा, नाहीतर रंग शेजारच्या ठिगळावर उतरतो.